रिकामी टमटम

भोसरीकडे जाणाऱ्या भिवाच्या टमटमीत, चाकणच्या चौकात, धम्मरत्न एकटाच बसला होता. भिवाने त्याला मुद्दाम कडेला बसवलं होतं. एक माणूस दिसला की दुसरा चढतो, असा त्याचा हिशेब. धम्मरत्नला हसू आलं. त्याने आणि अंजलीने ‘ठिय्या’ सुरू केलं तेव्हा हेच केलं होतं. खोटी नावं घेऊन दोघंच दिवसभर एकमेकांशी गप्पा हाणायचे.

ठिय्या म्हणजे कंपन्यांतल्या पोरांसाठी त्यांनी बनवलेलं ॲप. खोली कुठे मिळेल, भरती कुठे आहे, गावाकडचं कोण आलंय, सगळं तिथे कळायचं. पोरं जमली, रमली. मग एका बड्या कंपनीने आपल्या ॲपात तसाच एक कोपरा काढला आणि ठिय्या ओस पडला. आज धम्मरत्न पोरांच्या खोलीवर जाऊन आला. त्यांनी चहा पाजला, तुमचंच भारी होतं म्हणाले, पण सगळे तिकडे आहेत, आम्ही इथे एकटे काय करू, असंही म्हणाले. विसरले लेकाचे, असं पुटपुटत तो निघाला होता. भोसरीच्या पुढे दापोडीत अंजली पैसे घालू शकणाऱ्या एका माणसाला धरून बसली होती. धम्मरत्न पोचायच्या आत तो उठून गेला की ठिय्या संपलं.

थंडीतलं ऊन गुडघ्यांवर आलं आणि धम्मरत्नचा डोळा लागला. टमटम भरू लागली. रोज ठिय्यावर आजची भाजी कोणती ते टाकणाऱ्या खानावळीच्या गोजाबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या. जालन्याची पोरं आली. नुसत्या नावाने ओळखीची, कधी न पाहिलेली माणसं येतच राहिली. सगळे सरकून बसत होते आणि जागा काही संपेना. टमटम जमिनीपासून वीतभर वर तरंगत होती, तरी भिवा निवांत तंबाखू मळत होता. धम्मरत्नला फार बरं वाटत होतं.

हॉर्नने त्याला जाग आली. शेजारी कोणीच नव्हतं. पुढची टमटम माणसांनी फुगली होती आणि माणसं अजून तिच्याकडेच पळत होती.

“भाऊ, आपली कधी निघणार?”

“भरली की,” भिवा म्हणाला. “पर रिकामी बघून कोण चढत न्हाई, अन् कोण चढल्याबिगर ती भरत न्हाई.”

ऊन उतरत चाललं होतं. धम्मरत्न थोडा घुटमळला, मग उतरला आणि पळाला. भरल्या गाड्याला सूप जड नाही, म्हणत पुढच्या ड्रायव्हरने त्याला आत ओढलं.

गाडी हलली तोच अंजलीचा फोन आला.

“धम्मा, हे साहेब विचारतायत, पोरं आपल्याला सोडून का गेली? काय सांगू?”

मागे भिवा त्याने सोडलेली सीट फडक्याने पुसत होता.

“त्यांचं काही चुकलं नाही,” धम्मरत्न म्हणाला. “त्यांना पोचायचं होतं.”