बटाट्याची फळं

"बटाट्याशेजारी टोमॅटो लावू नकोस. बटाट्यालाही तशीच हिरवी फळं धरतात, पण विषारी. पोरीला काय कळणार?" शेजारच्या मावशींचं बोलणं रेवतीने हसण्यावारी नेलं होतं. बागकामाचा ग्रुप चालवणारे दादा म्हणालेच होते, "बिनधास्त लावा, भावंडंच ती!"

आज लेकीच्या तोंडातून बटाट्याचं अर्धवट चावलेलं फळ तिने बोट घालून काढलं. पोर वाचली. तिने ग्रुपवर फोटो टाकला, दादांनी उडवला. "ताई, घबराट पसरवू नका. पोरीकडे लक्ष द्या."

रेवतीचं डोकं सणकलं. तिचंच बघून ग्रुपमधल्या शलाकाने वाईत तसाच वाफा केला होता. तिचं बाळ नुकतंच चालू लागलेलं, आणि ती फोन उचलेना.

तिने लिहिलं, "उडवा खुशाल, मी परत टाकेन! वाईत कोणी असाल तर आधी शलाकाच्या घरी जा. बाळ काय चघळतंय ते बघा."