तिरका डंपर

कोळसा खाणीत तीन मजली उंचीचं नवं पोकलेन आलं, तेव्हा ते आपल्यालाच मिळणार असं नीळकंठ गृहीत धरून चालला होता. पंधरा वर्षं तो इथे डंपर चालवत होता. पण ते चालवायच्या चाचणीत पास झाली ती खाणीतच कामाला असलेली त्याची बायको, बेबीनंदा. त्या दिवसापासून त्याला तिच्या हातचं जेवण गोड लागेना. "वहिनींनी बाजी मारली!" असं कुणी म्हटलं, की त्याच्या अंगाचा तिळपापड होई.

पहिल्या दिवशी सगळी खाण बघायला जमली. भरायचा पहिला डंपर नेमका नीळकंठचा होता. त्याने तो मुद्दाम तिरका लावला. तिची फजिती व्हावी आणि चारचौघांनी हसावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

पोकलेनचा अजस्र हात वर उठला, मध्येच अडखळला. अर्धा कोळसा डंपरमध्ये पडला, अर्धा जमिनीवर. लोक खरंच हसले. नीळकंठला मात्र वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही.

वॉकीटॉकीवर साहेब खेकसले, "नीळकंठ, गाडी अशी काहून लावली?"

त्याने तोंड उघडण्याआधीच बेबीनंदाचा आवाज आला. "मीच सांगितलं होतं, साहेब. तिरकं भरायला जमते का, ते पाहत होती. चूक माझीच आहे."

नीळकंठने डंपर पुढे काढला आणि मागे घेत सरळ लावला. मग सगळ्या खाणीला ऐकू जाईल असं वॉकीटॉकीवर बोलला, "ऑपरेटर मॅडम, गाडी लागली. भरा."