तांड्यानं चालवलेला टॉवर

जनरेटरची घरघर थांबली, तशी तांड्यातली सगळी म्हातारी माणसं मोबाइलच्या टॉवरकडं धावली. धावली म्हणजे काय, कुणी काठी टेकत, कुणी गुडघा धरत! तरणी माणसं दिवाळी होताच ऊसतोडीला गेलेली. मागं उरली ती एवढीच.

सगळ्यांच्या पुढं धुरपताबाई. तांड्यातला एकुलता एक मोबाइल तिच्या हातात होता, आणि त्याची रेंज आत्ताच गेली होती.

"कुनं बंद केलं रं?"

"मी केलं, मावशी." कंपनीचा मेकॅनिक रत्नपाल वसमतहून टेम्पो घेऊन आला होता. "कंपनी बुडाली. जनरेटर काढून आणा म्हून हुकूम हाय. पर मला एक सांगा, कंपनीनं तर दिवाळीपासून डिझेल धाडलं न्हाई. मग हे चालू कसं?"

"आमी टाकून राहिलो."

"तुमी?"

"देवळातल्या दिव्याला घरोघर तेलाची पाळी असती ना? तशीच लावली. आज शकुबाईची, उद्या हिरासिंगाची."

रत्नपालनं आजूबाजूला पाहिलं. टॉवरभोवतीचा गहू पाण्यावाचून माना टाकून उभा होता. पाण्याच्या इंजिनांचं डिझेल कुठं गेलं, ते आता त्याला कळलं. काय म्हणावं या माणसांना! जिथं साहेब लोकांनी हात टेकले, तिथं या म्हाताऱ्यांनी तांब्या-तांब्यानं डिझेल ओतून टॉवर जिवंत ठेवला होता. मानलंच पाहिजे.

"माझ्या नीताचे दिवस भरलेत, लेकरा," धुरपताबाईचा आवाज खाली आला. "पहिलटकरीण हाय. तिकडं कारखान्यावर, पालात पडलीय. जावयाला ह्योच एक नंबर ठावं. माझ्या जिवाला घोर लागलाय. चालू कर, बाबा."

रत्नपालनं टेम्पोवाल्याला चहाला पिटाळलं आणि जनरेटर चालू केला.

सगळे मोबाइलभोवती बसून राहिले. रूपाबाई पुटपुटत देवाचं नाव घेत होती. ऊन कललं. टेम्पोवाला परत येऊन हॉर्न वाजवून कंटाळला.

आणि फोन वाजला. धुरपताबाईला घाईत बटण काही सापडेना. रत्नपालनंच दाबून फोन तिच्या कानाला लावला.

"पोरगी झाली? आन् माझी नीता? ...बरी हाय? खरं सांगा, पाव्हणं!"

मग ती सगळ्यांदेखत मोठ्यानं रडली. शकुबाईनं घरात होती नव्हती ती साखर आणून सगळ्यांच्या तोंडात घातली, रत्नपालच्याही.

तोंड पुसून रत्नपालनं पाना उचलला. "झालं ना मनासारखं? आता मला काढू द्या, मावशी. साहेब वरडतील."

"काहून?" धुरपताबाई उठली. "माझा फोन आला. भीमसिंगाच्या सुनेला नववा लागलाय, तिचा कुठं आलाय?"

ती घरात गेली आणि डिझेलचा डबा घेऊन आली. पाळी तिची नव्हती. टाकीत ओतताना डबा आणि नरसाळं दोन्ही तिला एकटीला धरता येईना, अर्धं डिझेल बाहेर सांडू लागलं. रत्नपालनं पाना खाली टाकला आणि दोन्ही हातांनी नरसाळं धरलं.

त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. ऑफिसचाच असणार.

"घे की, बाबा," धुरपताबाई म्हणाली.

"वाजू द्या, मावशी. हात गुंतलेत."