आठपट झूम

आठपट झूम केल्यावर पडद्यावर बाबांची बोटं आली आणि लगेच नाचायला लागली. बोटं नाचली, चिमटा नाचला, अख्खं टेबल नाचलं. झालं, आजही तेच, असं पुटपुटत मुलीने फोन खाली घेतला. रस्त्यापलीकडच्या वह्यांच्या दुकानाच्या आडोशाला उभं राहून चोरासारखा बापाचा व्हिडिओ काढायचा, आणि हाती काय, तर भूकंप.

पण चोरूनच काढणं भाग होतं. महिन्यापूर्वी बाबा स्वतःच म्हणाले होते, हल्ली हात थरथरतो, स्क्रू बसत नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने असं म्हणावं म्हणजे संपलंच की! तिने हातातलं काम टाकून त्यांना डॉक्टरकडे नेलं, तर तिथे हात दगडासारखा स्थिर. मग डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, कामात असताना त्यांच्या नकळत व्हिडिओ काढून आणा. उद्या सकाळी तो दाखवायचा होता. थरथर खरी निघाली तर दुकान बंद, आणि दुकानाशिवाय हा माणूस दिवसभर करणार काय?

आज चौथा दिवस. लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची ड्यूटी संपली की ती तडक इथे यायची. श्वास रोखून झाला, कोपर भिंतीला टेकवून झालं. चित्र स्थिर ठेवायची सोय फोनमध्ये होती म्हणे, ती चालू केली तर चित्र क्षणभर चिकटल्यासारखं थांबायचं आणि मग दाणकन भलतीकडे उडी मारायचं. बापाचा हात हलतोय की फोन, कप्पाळ कळणार! नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, झूम केलं की सगळ्यांचंच हलतं, त्यात काय एवढं.

शेवटी वहीवाल्याला विचारून तिने फोन वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला, मागे गोंदाची बाटली टेकवली आणि हात बाजूला घेतले.

चित्र थांबलं. बाबांनी मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरला, सावकाश नेला, बसवला. मग दुसरा. मग तिसरा. हात केसभरही हलला नाही.

आधी तिला हायसं वाटलं, आणि मग असा संताप आला की विचारू नका. आपण चार दिवस जिवाला घोर लावून घेतलाय आणि हे इथे मजेत स्क्रू बसवतायत. ती तरातरा रस्ता ओलांडून दुकानात शिरली.

"बाबा, कुठे हलतोय तुमचा हात? हे बघा."

तिने फोन काउंटरवरून पुढे केला. बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. व्हिडिओकडे ते बघतच नव्हते, फोन धरलेल्या तिच्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, चार दिवस समोर उभी दिसतेस, आधीच्या तीन दिवसांचे दाखव. तिने दाखवले, आणि वर सांगून टाकलं की ते सोडा, ते झूममुळे हलतंय.

"मग झूम नको," बाबा म्हणाले. त्यांनी फोन काढून घेतला, सुट्या भागांच्या डबीला टेकवून उभा केला आणि चिमटा तिच्या हातात दिला. "धर. नुसता धर."

तिला हसू आलं. तिने चिमटा धरला. पडद्यावर काउंटर जागच्या जागी होतं, चिमट्याचं टोक मात्र थरथरत होतं. तिने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट दाबून धरलं. तरी टोक हलतच राहिलं.

"दमलेय हो मी," ती म्हणाली. "चार दिवस झोप कुठे आहे?"

"मी दोन महिने बघतोय. तुला सांगितलं असतं तर हेच म्हणाली असतीस. म्हणून माझाच हात थरथरतो म्हणालो."

तिने चिमटा खाली ठेवला. उद्या दुपारी लॅबमध्ये कुणाच्या तरी दंडाला पट्टी बांधायची होती आणि सुई हातात घ्यायची होती. तिला भीती वाटली, लहानपणी वाटायची तशी, सरळ बाबांच्या मागे लपावं अशी. तरी ती म्हणाली, "पण उद्याची वेळ तर तुमची आहे."

"मी नुसता सोबत येणार आहे," बाबा म्हणाले. "नंबर तुझ्या नावाने लावलाय."