मुरलेला डाग

"आई, घासू नका, नुसतं टिपून घ्या," सून म्हणाली. आरामखुर्चीपाशी गालिच्यावर पडलेला चहाचा डाग कुमुदताईंनी काल सोड्यानं पार घालवला होता. आज सकाळी तो पुन्हा वर आला होता.

"तळाशी मुरलेला असतो. सुकताना वर येतो."

ते त्यांना पटलं. झटका आला तेव्हा यजमानांच्या हातून कप तिथंच निसटला होता. मधुमेहामुळे त्यांचा चहा बिनसाखरेचा. "एकदा तरी गोड दे गं," म्हणत म्हणत ते गेले, पण साखरेच्या कपाटाची किल्ली कुमुदताईंच्या कमरेलाच राहिली.

व्हिनेगरचं फडकं घेऊन त्या वाकल्या आणि थबकल्या. डागाला मुंग्या लागल्या होत्या.

"साखर सांडली का हो, आई?" सुनेनं विचारलं.

कुमुदताईंनी कमरेची किल्ली चाचपली. ती जागेवरच होती.