वीज गेली नव्हती

ताईच्या कॉम्प्युटरवर पुन्हा तीच ओळ उमटली. डिस्कमध्ये चुका आहेत, सुरू होता येत नाही. धाकट्या भावाने तो बंद केला, खोक्याचा पत्रा काढला आणि डिस्क बाहेर घेतली.

तिच्यात ताईची चित्रं होती. समुद्राच्या तळाशी राहणारे प्राणी, लहान मुलांच्या पुस्तकासाठी. दोन वर्षं ती ते पुस्तक रंगवत होती आणि उद्या प्रकाशकाकडे पाठवायचं होतं.

"जुनं धूड आहे ते," भाऊजी सोफ्यावरून म्हणाले. "मी कधीचा सांगतोय, भंगारात टाका."

भावाने डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली आणि तिची विजेची वेगळी पिन भिंतीवरच्या बोर्डात खोचली. डिस्क खरडल्यासारखी वाजू लागली. चालू कॉम्प्युटरची वीज मधेच तोडली की अशी गत होते, आणि इथे ते एकदोनदाच झालेलं दिसत नव्हतं. ताई फोनवर नेहमी म्हणायची, आमच्याकडे वीज फार जाते. त्याने सहज विचारलं, मग यूपीएस का नाही घेतला? भाऊजींनी लगेच ताईचीच री ओढली. या भागात विजेचा काही नेम नाही म्हणाले.

ताई दारात उभी होती.

"वीज जात नाही," ती म्हणाली. "बोर्डाचं बटण हे बंद करतात. माझं एखादं बोलणं पटलं नाही, की येतात आणि बंद करून जातात."

भाऊजी हसले. म्हणाले, थट्टासुद्धा कळत नाही हिला. दिवसभर त्या डबड्यापुढे, घरात नवरा आहे याचा पत्ता नाही. भावाची कानशिलं तापली. तो उठलाच होता, पण ताईने त्याला नजरेनेच खाली बसवलं.

"तू तुझं काम कर."

चित्रं एकेक करून लॅपटॉपवर उतरू लागली. बहुतेक धड, एखाददुसरं अर्धवट. तेवढ्यात भाऊजी उठले. माझ्याच घरात माझ्यावर पंचायत भरवता काय, म्हणत बोर्डाकडे निघाले. ताई आधी पोचली. बोर्डाला पाठ लावून उभी राहिली. भाऊजींचा हात तिच्या खांद्यावरून बटणाकडे गेला, पण तिने मान तसूभरही हलवली नाही. हात तसाच अधांतरी राहिला, मग खाली आला. "सरक," ते म्हणाले. ती सरकली नाही.

डिस्क खरखरतच होती. बऱ्याच वेळाने ती थांबली.

"झालं, ताई," भाऊ म्हणाला. "दोन गेली, बाकी सगळी मिळाली. आता बाजूला झालीस तरी चालेल."

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाठ बोर्डाला, नजर नवऱ्यावर.

"तुझं झालं," ती म्हणाली. "माझं आत्ता सुरू होतंय."