मधली गोळी

"गिअर टाकला की उडी मारते," जावई म्हणाला. मोटरसायकल अंगणात स्टँडला लावून त्याने सावलीतली खुर्ची ओढली. "बघता का जरा, बाबा? तोवर हिला म्हणावं, बॅग भर. ऊन चढायच्या आत निघायचंय."

ऊन चढलेलंच होतं. पाच दिवसांपूर्वीही असंच होतं, तेव्हा ह्याच माणसाने बायकोला हमरस्त्याच्या फाट्यावर गाडीवरून उतरवलं होतं. उलट बोलली म्हणून. जा बापाकडे चालत, म्हणाला आणि निघून गेला. ती आली तेव्हा एका पायात चप्पल होती, दुसरी हातात. आणि आता हा कडक इस्त्रीचा शर्ट घालून तिला न्यायला आला होता, जणू धोब्याकडचे कपडे न्यायचे होते.

सासरा चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होता. बोलणं बेताचं. त्याने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि कानावरची पेन्सिल काढली. काढलेला प्रत्येक भाग कागदावर ठेवायचा आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारायची, ही त्याची रीत. ज्याचं त्याचं घर, म्हणायचा. त्याने एकदा बसवलेलं झाकण कुणाला पुन्हा उघडावं लागलं नव्हतं. आयुष्यात मिरवण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं.

मुलगी टॉर्च घेऊन शेजारी बसली. लहानपणापासून टॉर्च तिच्याकडेच असायचा. आत आई नाक ओढत बॅगेत कपडे भरत होती.

त्याने क्लचची वायर सैल केली, बाजूचं झाकण काढलं आणि गाडी आपल्याकडे कलती केली. क्लचची दांडी सुळकन बाहेर आली. टोक जळून निळंकाळं पडलं होतं, नखभर झिजलंही होतं. तिच्या मागोमाग एक पोलादी गोळी घरंगळत त्याच्या तळहातावर आली. ही दांडी दोन तुकड्यांची असते आणि तुकड्यांच्या मध्ये हरभऱ्याएवढी गोळी. ती नसली तर क्लच दाबला काय, न दाबला काय, इंजिनाला पत्ताही लागत नाही.

त्याने दांडी कागदावर ठेवली, रेघ मारली. गोळी ठेवली, तिच्याभोवती बारीक गोल काढला.

"चालवताना क्लचवर बोटं असतात का सारखी?"

"कायम," जावई मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. "आपल्या ताब्यात राहिलेलं बरं."

"म्हणून जळली."

सासऱ्याने कधीकाळी विकलेली गाडी ह्याच जातीची होती. तिची एक नवी दांडी पत्र्याच्या डब्यात पडून होती. ती पुसून, ग्रीस लावून तो टॉर्चच्या उजेडात बघत होता, तेव्हा त्याला मुलीचं मनगट दिसलं. चार बोटांचे वळ, पिवळे पडत चाललेले.

ह्याआधी दोनदा ती अशीच आली होती. दोन्ही वेळा त्यानेच तिला बसमध्ये बसवून दिलं होतं. संसार म्हटला की थोडं जुळवून घ्यावं लागतं, असं ह्याच तोंडाने सांगितलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि मग राग आला, डोक्यात घण पडावा तसा. पाना हातातच होता. जावयाचा गुडघा हातभर अंतरावर होता. त्याने पाना फडक्याने पुसला आणि खाली ठेवला.

"बॅग भरून झाली का?" जावई ओरडला.

"भरतेय," आतून आई म्हणाली.

गोळीसाठी त्याने हात पुढे केला. गोल रिकामा होता. त्याने कागद उचलून बघितला, फडकं झटकलं. मग मुलीकडे बघितलं. तिच्या उजव्या हातातला टॉर्च जराही हलत नव्हता. डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती आणि बोटांच्या फटीत ग्रीस काळं दिसत होतं.

"गोळी?" त्याने हळूच विचारलं.

"मला नाही दिसली," ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली.

त्याने कागद होता तसा पसरून ठेवला. मग त्याने नवी दांडी आत सरकवली, झाकण बसवलं आणि एकेक स्क्रू नीट आवळला. क्लच हाताला सैल लागू नये म्हणून वायरही ताणून घेतली. इतकं सफाईदार काम त्याने कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

"झालं."

जावयाने किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. "अजून हात आहे हं तुमचा," तो म्हणाला, त्याने क्लच दाबला आणि गिअर टाकला. गाडीने अशी उडी घेतली की तो गाडीसकट धुण्याच्या दगडावर आडवा झाला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. इस्त्रीच्या शर्टावर छातीभर काळा पट्टा उमटला. शेजारीण कुंपणाशी येऊन निवांत उभी राहिली.

"हे काय करून ठेवलंत?"

"दांडी बदलली."

"अहो, पण क्लच सुटतच नाहीये."

"फाट्यावर मेकॅनिक आहे."

"फाटा सहा किलोमीटर लांब आहे."

"हो," मुलगी म्हणाली. "मी चालून बघितलाय."

जावयाने आधी तिच्याकडे बघितलं, मग रस्त्यावरच्या उन्हाकडे. "म्हणजे एवढं धूड मी ढकलत नेऊ?"

सासरा एकेक बोट पुसत होता. "थोडं जुळवून घ्या, जावईबापू."

"तू चल गं. बॅग घे."

मुलगी जागची हलली नाही. सासऱ्याने खाली ठेवलेला पाना पुन्हा उचलला. त्याने काहीच केलं नाही, नुसता हातात धरला. जावयाने गाडी न्यूट्रल केली आणि चढावर ढकलायला सुरुवात केली. वळणापर्यंत त्याचा धापा टाकल्याचा आवाज येत होता.

आत कपाट उघडलं. आई बॅगेतले कपडे परत लावत होती.

मुलीने मूठ उघडली. गोळी घामाने आणि ग्रीसने तळहाताला चिकटली होती. ती तिने नखाने सोडवली आणि कागदावरच्या त्या बारीक गोलात ठेवली.